कलबुर्मे सर आणि मागे घेतलेला लेख

प्रा. विश्वनाथ कलबुर्मे सरांची आणि माझी पहिली भेट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झाली. मी शुक्रवार पेठेतली, विद्यापीठात वरचा नंबर काढून आलेली. अंगात जरा जास्तच तोरा. जंगलाची माती हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडते, हे सर मोजत. हे कसले संशोधन, असे मला वाटले. दुसऱ्याच दिवशी सरांनी माझ्या हाती कुदळ देऊन मला सांगोल्याच्या रानात नेले, आणि दुपारपर्यंत तो तोरा पार उतरला.

जमिनीत लोखंडी कडे पुरायचे, त्याच्या खोबणीत पाणी भरायचे, वर झाकण ठेवायचे. पाण्यामुळे झाकणाच्या कडेने हवा निसटत नाही. मग आतली हवा सुईने काढून बाटलीत भरायची. दर पंधरवड्याला हे व्हायचेच. आपला उच्छ्वास मोजणीत मिसळू नये म्हणून सर त्या वेळी तोंड फिरवून बसत, बोलतही नसत. आम्ही विद्यार्थी मागे हसायचो.

एका कोरड्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे सर घरी होते आणि मोजणी माझ्याकडे आली. रानात पाण्याचा थेंब नव्हता. मेंढपाळ बिरूमामांची मेंढरे खोबणीसाठी आणलेल्या पाण्याच्या कॅनभोवती येऊन उभी राहत. मला राहवेना. उन्हाळाभर मी ते पाणी त्यांना पाजले, कोरड्या खोबणीवर झाकण ठेवून मोजणी उरकली आणि वहीत त्याची नोंद केली नाही. हवा निसटल्यामुळे आकडे फार कमी आले. त्यांवर आमचा लेख छापून आला. त्याच्याच जोरावर सरांच्या प्रकल्पाला मुदतवाढ मिळायची होती.

सर हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही रानात गेलो. बिरूमामा कौतुकाने त्यांना म्हणाले, “ताईंनी उन्हाळाभर मेंढरास्नी पाणी पाजलं की. लई उपकार झालं.”

सर माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली.

“पाजलंस ते बरं केलंस. वहीत का लिहिलं नाहीस?” एवढेच त्यांनी विचारले.

त्याच आठवड्यात सरांनी संपादकांना पत्र लिहून लेख मागे घेतला. “देखरेख माझी होती, तेव्हा चूकही माझी,” असे त्यांनी त्यात लिहिले. माझे नाव कुठेच नव्हते. मुदतवाढ गेली. वयोपरत्वे सरांचे लक्ष राहिले नाही, अशी कुजबुज झाली. सर मात्र मोजणीला जातच राहिले. फक्त गाडीत एकाऐवजी दोन कॅन असत, दुसरा मेंढरांसाठी. माझी पीएच.डी. झाली, नोकरी लागली, जुळे सोलापुरात घर झाले. ती कुजबुज मी कितीदा ऐकली आणि दर वेळी गप्प बसले. याची मला फार लाज वाटते.

सरांना आता पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथासाठी मी लिहिणार हे कळताच त्यांनी फोन करून, तो विषय काढायचा नाही, अशी ताकीद दिली. सर, आपला शब्द मी प्रथमच मोडत आहे. ती चूक आपली नव्हती. ती माझी होती, आणि मला ती तेव्हाच ठाऊक होती.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यातला एकही दिवस यापुढे माझा दोष त्यांच्या माथी नसो.