न मरणाऱ्या किड्यांची बरणी

त्या सकाळी बर्फ काढायला मी फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, तर वाटाण्याच्या पिशवीमागे काचेची बरणी. तोंडाला मलमलीचं फडकं, त्यावर रबरबँड, आत गहू. गहू कोणी बर्फात ठेवतं का? बरणी उजेडात धरली तर गव्हात तपकिरी ठिपके आणि तळाशी पिठाचा थर. मी धान्याचं दुकान चालवते. ठिपके म्हणजे काय आणि पीठ कुणी पाडलं, हे मला शिकवायला नको. फडक्याला मधोमध एक भोक होतं, टाचणी जाईल एवढं.

"भावजी," मी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "खाली या. आत्ताच्या आत्ता."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते आणि कंपासपेटीत किडे घेऊन फिरायचे. पुढे किड्यांवरच शिकले, आणि इतकं शिकले की नावाआधी डॉक्टर लागलं. गल्लीतली एक आजी एकदा त्यांच्याकडे गुडघा दाखवायला आली. भावजी म्हणाले, "आजी, तुम्हाला सहा पाय असते तर काहीतरी सांगितलं असतं." असे हसवायचे. ते हसवणं थांबलं प्रयोगशाळेचे पैसे बंद झाले त्या दिवशी. कुलूप लागलं, आणि पेटीभर सामान घेऊन आमचे डॉक्टर घरी आले.

मग नोकरीच्या मागे लागले. एका जागेला शेकड्यांनी अर्ज, आणि सगळे डॉक्टरच. शाळेत गेले तर म्हणाले, फार शिकलात, टिकणार नाही. विद्यापीठात गेले तर म्हणाले, अजून थोडं काम दाखवा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बरोबरचा एक मित्र विमा विकायला लागला, एक गाडी चालवायला लागला. फोन वाजला की भावजी दचकायचे, आणि वाजला नाही की जास्त दचकायचे. आमचे हे ट्रक चालवतात, लांबच्या फेऱ्या असतात. फोनवर पहिला प्रश्न हाच, "डॉक्टरांचं काही झालं?" मी म्हणायची, होईल. पण मलाच धास्ती बसली होती. ताटात वाढलेलं तसंच राहायला लागलं होतं. त्यांच्या खोलीचं दार दोनदा ठोकून ओ आली नाही की मी दाराला कान लावून उभी राहायची. कशाची भीती, ते मी ह्यांनाही सांगितलं नाही.

वाट दाखवली ती त्यांच्या म्हाताऱ्या सरांनी. घरी आले होते, माझ्यासमोरच बोलले. "सगळ्यांकडे आहे ते दाखवत हिंडू नकोस. तुझ्याचकडे आहे असं काय, आणि ते कुणाला हवंय, तेवढं शोध. मग जाहिरातीची वाट बघू नकोस, सरळ दार वाजव." भावजींनी दार वाजवलं. धान्याची गोदामं किड्यांपासून राखणारी एक मोठी कंपनी आहे, तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ बाईंना त्यांनी लिहिलं. उत्तर आलं. भावजी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवले. कंपनीला काय हवंय हे मी विचारलं नाही. आपल्याला काय, नोकरी लागल्याशी मतलब.

तर ते जिन्यावरून उतरले, माझ्या हातातली बरणी बघितली आणि शेवटच्या पायरीवर बसूनच राहिले.

"वहिनी, ती बंदच ठेवा."

"बंद ठेवू? भोक पडलंय तिला. हे काय आहे?"

"भुंगेरे. दाणा आतून पोखरतात."

"ते मला नका शिकवू. इथे कशाला आणलेत?"

मग एकेक बाहेर आलं. हे साधे किडे नव्हते. गोदामात ताडपत्रीखाली गोळ्या ठेवून विषारी वायू सोडतात, त्याने भले भले किडे मरतात. हे मरत नाहीत. भावजींनी ते कुठल्या कुठल्या गोदामांतून वेचून, वर्षानुवर्षं पिढी दर पिढी जपले होते. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा वरून हुकूम आला, सगळं जाळून टाका. त्यांचा हात धजला नाही. बरणी घरी आली आणि त्यांच्या पलंगाखाली राहिली. कंपनीने लिहिलं होतं ते हेच. जागा एक आहे, अर्ज ढीगभर आहेत, पण हे किडे दुसऱ्या कुणाकडे नाहीत. घेऊन या.

"काचेवर त्यांना चढता येत नाही," ते म्हणाले. "म्हणून दाणे नेहमी अर्ध्यापर्यंतच ठेवायचे. पण मागे मुलाखतीला बाहेरगावी गेलो, तेव्हा वाटलं, मी नसताना उपाशी मेले तर? नोकरीची शेवटची आशा ती. म्हणून गळ्यापर्यंत दाणे भरले."

"आणि दाण्यांवरून चढून त्यांनी फडकं पोखरलं."

"हो."

मी वर छताकडे बघितलं. त्यांच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची. फळ्यांच्या फटींतून वरचा दिवा खाली दुकानात दिसतो, आणि त्या फटींच्या बरोबर खाली माझी गव्हाची पोती. एका पोत्यापासून उभं केलेलं दुकान ते. ह्यांच्या ट्रकने कधी साथ दिली, कधी नाही. घर चाललं ते त्या पोत्यांवर. दुकानात न मरणारे किडे आहेत असं एकदा बाहेर फुटलं, तर गिऱ्हाईक फिरकणार नाही आणि व्यापारी दारात गाडी उभी करणार नाही.

"फ्रीजमध्ये कधी ठेवलीत?"

"भोक दिसलं त्याच मिनिटाला. खाली तुमची पोती, नुसतं फडकं बदलून पुन्हा धोका घ्यायचा धीर झाला नाही. वायूने मरत नसले तरी थंडीपुढे कुणाचं चालत नाही. सगळे मेले."

"सगळे?"

"बरणीतले सगळे."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं, कारण मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "कंपनीने कधी बोलावलंय?"

"परवा."

"रिकाम्या हातांनी जाणार?"

त्यांनी नुसती मान हलवली. दुकानासाठी या माणसाने आपल्या हाताने आपली नोकरी बर्फात घातली होती, आणि मला सांगितलंही नव्हतं. रागाने माझी कानशिलं तापली होती. त्यांना मारावं की जवळ घ्यावं, मला कळेना.

त्या दिवशी शटर अर्धं ओढून मी पोतं पोतं चाळलं. भावजींनी पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या केल्या, आत किड्यांना भुलवणाऱ्या वासाची गोळी, आणि पोत्यांच्या मधे मधे ठेवल्या. समोरची शिंपीण डोकावली. "आज अर्धंच शटर?"

"उंदीर," मी म्हणाले.

"अगं बाई. मग मांजर नेतेस का माझं?"

मी हसले. उंदीर असता तर पेढे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी गुंडाळ्या उलगडल्या. पाच भुंगेरे निघाले. भावजींनी भिंग लावून एकेक बघितला आणि काचेच्या नळीत टाकला.

"तुमचेच?"

"त्याच जातीचे. पण ही जात कुठल्याही धान्याच्या दुकानात सापडते. तोंडावरून ओळखता येत नाही, वहिनी. ओळख एकच. वायू दिला की साधे आडवे होतात. माझे चालत राहतात."

"मग देऊन बघा."

"घरात नाही देता येत, माणूस मरेल. कंपनीत सोय आहे."

तेव्हा मला सगळं समजलं. पाच किडे मेले तर दुकान वाचलं, आणि भावजींची नोकरी गेली. जगले तर त्यांना त्यांचे किडे परत मिळाले, नोकरी लागली, आणि दुकान रस्त्यावर आलं. एका नळीत दोघांचा जीव.

"मी पण येणार," मी म्हणाले.

बसमध्ये ती नळी त्यांच्या खिशात होती आणि माझं लक्ष त्या खिशावर. बरोबर दुकानाची किल्ली होती. ती मी मुठीत इतकी घट्ट धरली होती की हाताला वळ उठला. मी हळूच म्हणाले, "कुठून आणले ते सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

त्यांनी खिशाचं बटण लावलं.

"भावजी, मी मनात मागतेय की मरावेत. तुम्ही काय मागताय?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या न बोलण्याची मला जितकी भीती वाटली, तितकी किड्यांचीही वाटली नव्हती. दोन वर्षं घरात बसलेला माणूस. त्याने स्वतःसाठी काही मागितलं तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

कंपनीत बाकावर बाकीचे उमेदवार बसले होते, मांडीवर फाइल धरून. फोन न वाजल्याच्या दिवशी भावजींचा चेहरा असायचा, तसाच प्रत्येकाचा. एकाने सरकून मला जागा दिली. त्यालाही घरी कुणीतरी विचारत असेल, काही झालं का म्हणून.

शास्त्रज्ञ बाई आखूड केसांच्या, बोलायला मोजक्या. भावजींनी सांगितलं, बरणीतले मारावे लागले, हे पाच आहेत, माझे आहेत की साधे ते माहीत नाही. बाईंनी भुवई उचलली. मला वाटलं, आता दरवाजा दाखवतात. पण त्यांनी आम्हाला दोघांना आतल्या खोलीत नेलं, किडे काचेच्या बाटलीत टाकले, रबरी बूच बसवलं आणि सुईने त्यातून वायू आत सोडला. "साधे असतील तर बघता बघता पडतील," त्या म्हणाल्या.

मी स्टुलावर बसले. किडे बाटलीच्या तळाशी फिरत होते. मग एक अडखळला, उताणा झाला, पाय हलले आणि थांबले. दुसरा गेला. पड बाबा, पड, मी मनात म्हणत होते, जन्मात कुणाचं मरण इतकं मागितलं नसेल. तिसरा. चौथ्याने जरा वेळ काढला, मग तोही कलंडला. पाचवा चालत होता. मेलेल्यांना वळसा घालून गेला आणि परत आला. बाई घड्याळ बघत होत्या. मी भावजींकडे बघायचं टाळत होते, पण माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. त्यांचे ओठ हलत होते.

"पड," ते म्हणत होते. "पड की रे. पड."

मला हुंदका आवरेना. तोंडात पदर कोंबला.

पाचवा पडला नाही. बाईंनी आणखी थोडा वायू सोडला, आणखी वाट बघितली, आणि तो चालतच राहिला. शेवटी त्या उठल्या आणि भावजींच्या पुढे हात केला. "अभिनंदन. असा माणूस आम्ही कधीपासून शोधतोय." भावजींनी हातात हात दिला, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हा कुठे सापडला?" बाईंनी विचारलं.

भावजींनी माझ्याकडे बघितलं.

"हे बघा, एक सापडला म्हणजे आणखी असतील. तिथून कुठे कुठे पोचतील, तुम्हाला मी सांगायला नको. जागा कळल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुम्हाला घेताही येणार नाही."

"ते मला सांगता येणार नाही," भावजी म्हणाले.

शपथ पाळत होते. एकदा बर्फात घातलेली नोकरी माझ्यासाठी पुन्हा घालायला निघाले होते. मला रोजची गिऱ्हाइकं आठवली. शिंपीण आठवली, परवाच तिच्या पिशवीत मी माझ्या हाताने गहू ओतला होता. तिच्या घरून तो कुणाच्या घरी गेला असेल? भीती काही कमी झाली नव्हती, उलट आता ती फक्त माझी राहिली नव्हती.

मी मूठ उघडली आणि किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली.

"माझं दुकान आहे," मी म्हणाले. "पत्ता भावजी सांगतील. शटर डावीकडे जरा अडकतं, पण ते त्यांना माहीत आहे."