काउंटरपलीकडची सुनंदा

दहावीपर्यंत सुनंदा आणि मी एकाच बाकावर बसायचो. निकालानंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच; मी कॉलेजात गेले. काल पहिल्यांदाच एकटी ड्रेसचं कापड घ्यायला गेले, तर काउंटरपलीकडे सुनंदाच उभी होती. केस घट्ट बांधलेले, गळ्यात टेप. मी हाक मारणार, तेवढ्यात तिनं गल्ल्यावरच्या मालकाकडे हळूच पाहिलं आणि खालमानेनं म्हणाली, "ताई, यात अजून रंग दाखवू का तुम्हाला?"

माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलणारी सुनंदा मला 'तुम्ही' म्हणत होती.

मोठं होणं म्हणजे असं एकटीनं बाजारात जाणं, एवढंच मला ठाऊक होतं. त्यात एक दिवस आपली माणसंही परकी होतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचा हात धरावा, "अगं, मी आहे ना," म्हणावं, असं फार वाटलं. पण मालक बघत होता.

"दाखवा," मी म्हणाले.

ती पाठमोरी झाली. वरच्या फळीवरचे तागे काढायला तिला फार वेळ लागला.