बाबगोंडादादा आणि गुळाचा खडा

जेवण झालंय, पंखा फिरतोय, आज कारखान्याला सुट्टी. मी चटईवर पाठ टेकतो. परसात राजमती भांडी घासतेय. माझी बायको भांडी घासते तेव्हा अख्ख्या गल्लीला कळतं. हळूहळू तो आवाज लांब जातो.

मग तो पैंजणांचा होतो. मी आमच्या चांदीच्या कारखान्यात, माझ्या पाटावर बसलोय आणि शेजारी बाबगोंडादादा. डाक लावणं, म्हणजे दुसरा धातू वितळवून पैंजणाच्या कड्या जोडणं, मला त्यांनीच शिकवलं. तीस वर्षं आम्ही एकाच दिव्यापुढं बसून तोंडानं फुंकणी फुंकली. त्यांना वारून दोन वर्षं झाली. प्रोस्टेटचा कॅन्सर. कळला तेव्हा हाडात उतरला होता.

"दादा, तुम्ही तर गेलाय की."

"गेलोय म्हणून बसायचं पण न्हाई व्हय रं?"

फुंकणी त्यांच्या तोंडात आहे, तरी बोलणं स्पष्ट येतं. मला त्याचं काही वाटत नाही. डाकेतून पिवळसर धूर निघतोय.

"गूळ खाल्लास?"

"खाल्ला."

आमच्यात रीतच आहे. काम सुटलं की प्रत्येकानं गुळाचा खडा तोंडात टाकायचा, म्हणजे धूर उतरतो. दादांनी जन्मभर खाल्ला, आम्हालाही खायला लावला.

"गूळ घशाला," दादा म्हणतात. "धूर काय घशात मुक्काम करतोय? डाकेत कॅडमियम असायचं. डॉक्टर म्हणाला, त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत न्हाई, पण ते माणसाला चांगलं न्हवं. मी म्हटलं, मग गूळ? तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत बसला."

ते हसतात. मला मात्र राग येतो. "तुम्हीच सांगितलं होतं की!"

"चुकलो. मेल्यावर कबूल करायला काय जातंय? तुझं सांग. रातचं किती वेळा उठतोस?"

"दोनदा."

"आदगोंडा, खरं सांग."

"पाचदा. आणि तेही थेंब थेंब."

"रक्त?"

मी खाली बघून चांदीचा चुरा गोळा करायला लागतो. खाली पाट नाही, दवाखान्याची फरशी आहे. पुरुषांची रांग लागलीय, सगळे आमच्या धंद्यातले, भिंतीकडं तोंड करून. कुणी कुणाकडं बघत नाही.

"बायकोला सांगितलंस?"

"असलं कसं सांगायचं? साठीच्या माणसानं?"

"मी बी हेच म्हणत हुतो. तीन वर्षं. झाकली मूठ सव्वा लाखाची! शेवटी तुझी वहिनीच माझी कूस बदलत बसायची."

"मला भीती वाटते, दादा."

"वाटणारच. भीत भीत जा, पण तपासून घे."

ते सरकून मला रांगेत जागा देतात. "हो पुढं. मी हाय." मी भिंतीकडं तोंड करतो आणि कित्येक महिन्यांनी मोकळी धार लागते. काय सुख म्हणून सांगू!

जागा होतो तेव्हा चटई ओली आहे. लेंगाही. अरे देवा, ह्या वयात! घाईघाईनं लुंगी गुंडाळतो, लेंग्याचा बोळा करतो आणि मोरीकडं निघतो. उजेडात दिसतं, पांढऱ्या कापडावर तळहाताएवढा तांबूस डाग.

राजमती दारात उभी, ओले हात पदराला पुसत.

"काय झालं हो?"

बोळा पाठीमागं न्यायला हात वळतोच. मग मी तो तिच्यापुढं उलगडून धरतो.

"हे बघ," मी म्हणतो. "चार महिने झाले."