मामांनी हैदराबादहून स्वस्तात आणलेली डबी

माझ्या सख्ख्या मामांची मला किळस येते. त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली, तरी येते.

आज माझी थोरली बहीण, अक्का गेली, म्हणून हे लिहितेय. ती होती तोवर तिने हा विषय काढू दिला नाही.
"जाऊ दे गं, आपलाच माणूस हाय," म्हणायची.
माझ्यात तेवढा मोठेपणा नाही.

निजामाच्या अमदानीतली शेवटची वर्षं. आम्ही वालूरचे. मी दहा वर्षांची, अक्का सोळाची, तिचं लग्न मानवतच्या कापसाच्या व्यापाऱ्याकडे ठरलेलं.

आमचे मामा म्हणजे हैदराबादच्या बाजाराचे एक्स्पर्ट. वर्षातून दोनदा सेलूहून गाडीत बसायचे. अख्खं गाव त्यांना याद्या द्यायचं.

सकाळी दुकान उघडताना जायचं, बोहनीचं गिऱ्हाईक कोणी परत पाठवत नाही. आवडलेली वस्तू हातातच घ्यायची नाही. पायरी उतरून चालू लागायचं, मागून हाक येतेच. हे सगळं ते ओसरीवर बसून सांगायचे आणि माणसं तोंडं उघडी टाकून ऐकायची.

मीही ऐकायचे. खोटं कशाला बोलू.

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असतं, जन्मापासून. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात आणि त्याचं लिंग, डबी असली तर डबीसकट, त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. ते त्याच्यासोबतच मातीत जातं. घरात ठेवत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत.

अक्काच्या लिंगासाठी गळ्यात घालायची चांदीची डबी आमच्याकडून द्यायची, असं बोलणीत ठरलं होतं. ती आणायला अर्थातच मामा.

लग्नाला चार दिवस राहिले आणि मामा आले. डबी काढून आईच्या हातात दिली. जड, नक्षीची, जुन्या घडणीची. पेठेतल्या भावाच्या निम्म्यात, म्हणाले. नदीकाठच्या जुन्या बाजारात मिळाली.

डबी सगळ्यांच्या हातांतून फिरली. काकू म्हणाली, असा भाऊ प्रत्येकीला मिळो.

अक्काने झाकण उघडायला घेतलं. घट्ट बसलं होतं. नखाने उचकटलं.

आत लिंग होतं.

कुणाचं तरी. त्याला वाळलेली माती चिकटलेली, खाली विभूतीचा खडा झालेला.

लिंग असलेली डबी बाजारात कुठून येणार, ते तिथे प्रत्येकाला कळलं होतं. कोणीतरी समाधी उकरली होती. कुणाच्या तरी तळहातावरून ते उचललं होतं.

वडिलांनी हळूच विचारलं, तुम्ही उघडून बघितली नव्हती का?

मामा हसले. हसले, हो.
"बघितली की. म्याच त्याला म्हणलं, हे मयताचं हाय, कोण घेणार? मग आला निम्म्यावर."

मी उठून मागच्या अंगणात गेले आणि ओकले.

आजही कोणी मेगा सेल, डिस्काउंट म्हणालं की मला ते हसणं आठवतं. पोरं म्हणतात, आजीला शॉपिंग आवडत नाही.

पण खरी किळस पुढे आहे. थोड्या वेळाने मोठी माणसं बोलू लागली, आणि काय बोलू लागली? चिंचेने घासली तर नवी दिसेल. आतलं मामा नदीत सोडतील. मानवतकरांना कोण सांगतंय. वडील मान खाली घालून म्हणाले, डबी नसली तर ते लोक लग्न मोडतील.

अक्का हात धुऊन आली.
"मोडू द्या. मी हे गळ्यात घालणार न्हाई."

तिने रुखवतातला नवा खण घेतला, लिंग डबीसकट त्यात बांधलं आणि गावातल्या जंगमस्वामींकडे गेली. मी तिच्या मागे. बायका स्मशानात जात नसत. ती गेली. स्वामींनी खड्डा करवला, अक्काने स्वतःच्या हाताने ते ठेवलं, बेल वाहिला.

नाव माहीत नव्हतं, म्हणून तिने नुसता नमस्कार केला.

घरी मामांचा एकच धोशा. निदान चांदी तरी ठेवायची होती, पोरगी येडी हाय.

लग्नात अक्काच्या गळ्यात लिंग साध्या कापडात गाठ मारून बांधलेलं. तिच्या सासऱ्यांनी भर मांडवात विचारलं, डबी कुठाय? आई सांगणार होती की वाटेत हरवली. तसं ठरलंच होतं.

अक्का मधेच बोलली.
"होती. मयताची निघाली. पुरून आले."

सासरे उठायलाच निघाले होते.

तिची सासू पुढे आली. गळ्यातली गाठ चाचपून म्हणाली, "गाठ नीट मार बाई, सुटंल."
आणि अक्षता टाकायला सांगितल्या.

सासऱ्यांनी पुढे कैक वर्षं टोमणे मारले. मामा त्या दिवशी पंगतीला दोनदा बसले.

अक्काच्या मुलांचं पुढे उत्तम चाललं. साठीला त्यांनी आईसाठी चांदीची डबी घडवली, ऑर्डर देऊन, नवी कोरी. तिने घातली नाही. पोरं हिरमुसली. तेव्हा एकदाच, मला एकटीला, कारण सांगितलं.

"मला कुणी उकरू नये, एवढंच."

ऐंशी वर्षं ती ही भीती बाळगून जगली, आणि आम्हाला वाटायचं अक्काला दागिन्यांची हौस नाही.

आज दुपारी मानवतला तिला बसवलं. डाव्या तळहातावर तिचं लिंग, खाली सुती कापड. कानात नाही, गळ्यात नाही, कुठेच काही नाही. माती पडेपर्यंत मी बघत उभी होते.

अक्का, तू शिवैक्य झालीस.
निवांत बस. तुला आता कोणी उठवणार नाही.