हललेला ठिपका

आमच्या शाळेने विश्वाला एक ग्रह दिला. दिला तो आठवडाभरही टिकला नाही आणि गेला तो आमच्याच शाळेमुळे. पण पहिलं वाक्य सत्काराच्या कार्यक्रमात मीच माइकवरून म्हटलं होतं, म्हणून ते आधी.

ग्रह शोधला मावशींनी. पनवेलच्या आमच्या शाळेत त्या प्रयोगशाळा परिचर होत्या. जिचं नाव हजेरीपटापलीकडे कुणाला ठाऊक नसतं, अशी एक बाई तुमच्याही शाळेत, कचेरीत असेल. कुणी घाईघाईने काही सांगू लागलं, की मावशी परीक्षानळी धुता धुता ओलं बोट वर करत. "थांबा. हललं काय ते बगू."

दुर्बिणीवाल्या काही परदेशी मंडळींनी शाळांसाठी एक उपक्रम काढला होता. आकाशाच्या एकाच तुकड्याचे पाठोपाठ घेतलेले चार फोटो इमेलने यायचे. शाळेच्या संगणकावर एका प्रोग्राममध्ये ते आलटूनपालटून बघायचे. तारे जागेवर राहतात. एखादा ठिपका सरकला, तर तो लघुग्रह. मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळली. विज्ञानाचे सर दुसऱ्याच दिवशी. मावशी मात्र काम आटोपलं की पदराला हात पुसून पडद्यासमोर बसत.

"तुम्हाला दिसतं कसं हो?" मी एकदा विचारलं.

"ल्हानपनी खाडीच्या चिखलात निवट्या धरायचो आमी. मासा नि चिखल, रंग येकच. नुसतं बगत बसायचं. हलली की हात मारायचा."

अशाच बसल्या असताना मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात, आतल्या कडेला, एक ठिपका हलला. तो कुठल्याच यादीत नव्हता. आम्ही कळवलं. उत्तर आलं, अभिनंदन, प्राथमिक नोंद झाली आहे. पुढे लिहिलं होतं, की आणखी एका रात्रीचे फोटो पाठवत आहोत, त्यात हाच ठिपका शोधून शुक्रवारपर्यंत जागा कळवा, नाहीतर तो हरवेल.

मुख्याध्यापकांनी 'अभिनंदन'पर्यंत वाचलं.

संस्थेच्या अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की ग्रहाला त्यांच्या वडिलांचं नाव देणार. शनिवारी सत्कार ठरला. फाटकावर फ्लेक्स लागला. अध्यक्ष, उपाध्यक्ष, त्यांचे हितचिंतक आणि कोपऱ्यात ग्रह. मावशी त्याखाली थांबल्या आणि मला म्हणाल्या,

"सर, ह्यो तर शनी हाय. कडं दिसतंय नाय? ह्याला आदीच शोधलाय लोकांनी."

गुरुवारी फोटो आले. संगणकाच्या खोलीला कुलूप होतं. आत पाहुण्यांच्या चहापानासाठी मखमली खुर्च्या मांडल्या होत्या. त्या मळू नयेत, म्हणून किल्ली अध्यक्षांच्या माणसाकडे. मावशी मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सायेब, येक तास उघडा. तो पुडं जातोय."

"अहो मावशी, कोट्यवधी वर्षं फिरतोय तो. सोमवारपर्यंत कुठे जातोय?"

"तो नाय जायाचा. आपन त्याला हारवू."

मुख्याध्यापक हसले. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. मग त्या माझ्याकडे आल्या. मी सूत्रसंचालनासाठी 'गगन' आणि 'मगन' जुळवत होतो. अध्यक्षांना एक फोन करायला मला कोणी अडवलं होतं? "शनिवार होऊन जाऊ दे ना, मावशी," मी म्हटलं. माझंही ते वाक्य विसरावं असं नाही.

त्या खांदा कॉलनीतल्या सायबर कॅफेत गेल्या. तिथल्या संगणकात तो प्रोग्राम बसेना. शुक्रवार संपला.

शनिवारी अध्यक्षांनी मावशींना शाल पांघरवली, नारळ दिला आणि कॅमेऱ्याकडे बघत त्यांना म्हणाले, "बोला, दोन शब्द बोला."

मावशींनी माइक हातात घेतला. "ज्याचा सत्कार करताय ना, ते काल हारवलं. खोलीला कुलूप व्हतं. मी सांगितलं व्हतं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, मराठीचा शिक्षक, म्हणालो, "किती हा विनय! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. अगदी जोरदार. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, नारळ टेबलावर ठेवला आणि त्या खाली उतरल्या. त्यानंतर त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. संगणकाच्या खोलीत पुन्हा बसल्या नाहीत.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला आल्याच नाहीत. शाल मुख्याध्यापकांनी त्यांच्या वतीने स्वीकारली आणि मावशींच्या साधेपणावर वीस मिनिटं बोलले.

पुढे तो दगड परदेशातल्या एका दुर्बिणीला सापडला. त्याला क्रमांक मिळाला. जुन्या नोंदी जुळवताना आमच्या शाळेचीही सापडली, असं त्या मंडळींनी कळवलं. शोधाचं श्रेय द्यायला निदान दोन रात्रींची निरीक्षणं लागतात. आमच्याकडून एकाच रात्रीची गेली होती.