मामांचं तुर्की गाव

आमच्या आईच्या मावसभावाइतका अस्वस्थ माणूस साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. जेवायला बसले तरी त्यांचा एक पाय जोड्यात असे. जातीचे माळी, अमरावतीजवळ संत्र्यांची बाग; पण पहिल्या महायुद्धात फौजेची खेचरं हाकायला बसऱ्याकडे गेले, तुर्कांच्या हाती सापडले आणि कैदी म्हणून तिकडच्या एका डोंगरी गावात राहून आले. आले म्हणजे शरीरानं आले. त्या गावाचं नाव त्यांच्या तोंडून दर वेळी निराळं निघे, भूगोल मात्र पक्का. उंच पठार, भोवती उघडेबोडके डोंगर, खाली नदी, हिवाळ्यात खिडकीपर्यंत बर्फ. "आपला चिखलदरा त्याच्या पायथ्याशी ठेवला तं टेकाड दिसन, टेकाड!" हे त्यांनी चिखलदऱ्यातच, हवापालटाला आलेल्या वकिलांना ऐकवलं होतं. मग इतिहास. वर पडका किल्ला. आधी ग्रीक, मग रोमन, मग सेल्जुक, मग उस्मानी. प्रत्येकानं आधीच्याचे दगड काढून आपलं घर बांधलेलं. "ज्या बुढीकडे मले कामाले ठेवलं होतं ना, तिच्या चुलीले रोमन देवळाचा दगड!" मामा उस्मानींपर्यंत पोचेतो संत्र्यांचा व्यापारी दुसऱ्या बागेत सौदा करून मोकळा झालेला असे.

एकदा त्या गावासारखं म्हणून कुठून तरी अक्रोडाचं रोप पैदा करून त्यांनी ते काळ्या जमिनीत लावलं, वैशाखात त्याच्याभोवती वाळ्याच्या ताट्या बांधल्या आणि त्यांवर पाणी मारायला मामींना बसवलं. "झाडाले सावली, अन् मी उन्हात!" मामी म्हणाल्या. रोप जळालंच. संत्री उतरली की मामा ट्रंक घेऊन निघत आणि मुंबईच्या गोदीवरून मुलगा त्यांना परत आणी. "काहून जाता तिकडे?" असं मामींनी विचारलं, की एकच उत्तर, "एक काम राह्यलं."

ते काम मला कळलं मी नागपूरला कॉलेजात निघालो तेव्हा. आईनं हातावर दही दिलं, टांगा हलला, तोच मामांनी मागून तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतलं. आई ओरडली, "दादा, पोरगं घरातून निघालं, अन् तू हे काय करून राहिला!" टांगेवाल्यानं लगाम ओढला, तशी मामा धापा टाकत टांग्यामागे आले.

"म्या निघालो तवा बुढीनं असंच पाणी ओतलं रे. मले वाटलं, आपल्याकडे विटाळ धुतात तशी माही पावलं धुऊन राहिली. माय म्हणत होतो तिले! तिनं हाका मारल्या, पण म्या रागात मागं पाह्यलं नाही. मंग जहाजावर तुर्की जाणणाऱ्या एकानं सांगतलं, जाणारा सुखरूप वापस यावा म्हणून तिकडच्या बाया पाणी ओततात. मले फकस्त तिच्या दारात जाऊन उभं राहाचं होतं. आता कुठची जिती असन ते. तू तरी मागं पाह्य."

टांगा पुन्हा हलला. मी वळून पाहिलं. मामा रिकामा तांब्या छातीशी धरून रस्त्यात उभे होते, आणि टांगा दिसेनासा होईतो ते जागचे हलले नाहीत.