वाटीतलं लाल पीस

बरखेड्याच्या आमच्या मनोरमा मावशी पीस बघून पोपट ओळखतात, आणि त्या चुकल्या असं अजून कोणी म्हणू शकलेलं नाही. शेजारच्या केशवरावांनी जंगलातला पहाडी पोपट म्हणून बाजारातून एक आणला आणि कॉलनीभर मिरवला. पहाडी पोपटाची खूण म्हणजे खांद्यावरचा लाल पट्टा, तो याला होताच. मावशींनी पिंजऱ्यात गळलेलं लाल पीस उचलून पाण्याच्या वाटीत टाकलं. पाणी गुलाबी झालं.

"पहाडी पोपटाचा रंग धुऊन जात नसतो, केशवराव. हा आपल्या कडुलिंबावरचाच आहे," म्हणत त्यांनी सरळ पिंजऱ्याचं दार उघडलं.

हल्ली संध्याकाळी कडुलिंबावर थवा उतरतो, तेव्हा त्यातला लाल खांद्यांचा एक पोपट केशवरावसुद्धा लांबून ओळखतात.